बकनॉब ब्रेकडाउन

संगीत माणसाच्या आत्म्याला पंख देतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. शरीराला मात्र ते डॉयल रॅटलिफची व्हॅन देतं.

या व्हॅनमध्ये पाच माणसं, एक बँजो, एक गिटार, एक फिडल म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, एक मँडोलिन आणि माझा डबल बास एवढा ऐवज कोंबून आम्ही ‘हिकरी फोर्ड बॉईज’ सव्वीस वर्षं डोंगर पालथे घालत होतो. डबल बास हे वाद्य उभं ठेवलं तर माझ्याहून उंच आणि आडवं ठेवलं तर माझ्या बायकोहून हट्टी. त्याची मान दोन पुढच्या सीटांच्या मधून थेट काचेपर्यंत जायची, त्यामुळे गियर बदलायचा तर गाडी चालवणाऱ्याला आधी तिला मिठी मारावी लागे. लग्न, मयत, चर्चचं वार्षिक जेवण, अग्निशमन दलाच्या मदतीसाठी मासळीचं जेवण, सगळीकडे आम्ही असेच घड्या घालून पोचायचो, आणि उलगडून उभं राहायला जो वेळ लागे त्याला लोक तालीम समजत.

बँजोवाला डॉयल हा माझ्या बायकोचा भाऊ. आमच्या धंद्यात बँजोवाल्यावर विनोद करायची पद्धत आहे. मी करत नाही. एक तर तो माझा मेहुणा, आणि दुसरं म्हणजे त्याच्यासमोर विनोद फिका पडतो.

गिटारवाला आर्लिस आणि फिडलवाला व्हर्ल हे कोंब्स बंधू. सख्खे भाऊ, एका शिकारी कुत्र्याच्या मालकीवरून त्यांचं बोलणं बंद झालं. कुत्रा जाऊन एकोणीस वर्षं झाली, अबोला अजून धडधाकट आहे. आमच्या गाण्यात सगळ्यांनी एकाच मायक्रोफोनभोवती गोळा होऊन गायचं असतं. तेव्हा हे दोघं गालाला गाल लावून, डोळे मिटून, दिवंगत आईचं गाणं असं काही गातात की पुढच्या रांगेतल्या बायका रुमाल काढतात. गाणं संपलं की आर्लिस माझ्याकडे वळून म्हणतो, “वेंडेल, त्याला सांग, दुसऱ्या कडव्यात सूर चढला होता.”

‘बॉईज’मधला एकही जण साठीच्या आतला नाही, आणि जो आहे ती मुलगी आहे. डेल्फिया साइझमोर. वय सत्तावीस. ती मँडोलिन वाजवते आणि गाते, आणि आम्हाला बोलावतात ते तिच्यासाठी, हे आम्हा चौघांना पक्कं ठाऊक आहे. आम्ही ते एकमेकांना सांगत नाही, इतकंच.

तर एप्रिल महिन्यात ही डेल्फिया माझ्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, “मिस्टर वेंडेल, रागावू नका. वाजवायला मला तुमच्यातच आवडतं. पण प्रवास आता सोसवत नाही.”

नॅशव्हिलच्या एका मोठ्या बँडने तिला बोलावलं होतं. त्यांची चांदीच्या रंगाची बस, आत बारा बिछाने, प्रत्येकाला स्वतंत्र पडदा. जूनमध्ये एल्क मेडोच्या संगीत मेळ्याला ते येणार होते, आम्हीही होतो. मेळ्याच्या शनिवारी संध्याकाळपर्यंत तिने त्यांना उत्तर द्यायचं होतं.

ती गेली असती तर उरला असता तो चार म्हाताऱ्यांचा सामुदायिक खोकला.

“प्रवास सोसवत नाही म्हणाली ना?” मी बायकोला म्हटलं. “मग प्रवासच बदलतो. बस घेतो.”

“नक्की काय सोसवत नाही ते विचारलंस का तिला?” लर्लीन म्हणाली.

“अशा गोष्टी विचारायच्या नसतात, लर्लीन. समजून घ्यायच्या असतात.”

लर्लीनने माझ्याकडे पाहिलं आणि शेंगा सोलायला घेतल्या. चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याशी घातलेले सगळे वाद ती असेच जिंकत आली आहे.

बस मिळाली ती काउंटीच्या लिलावात. काउंटीचं फिरतं ग्रंथालय होतं ते. डोंगरातल्या वस्त्यांवर पुस्तकं घेऊन जायचं. रंग निळा, बाजूवर चष्मा लावलेलं भलं मोठं घुबड, आणि त्याच्या तोंडी ‘या ना आत!’ अशी अक्षरं. आत जुनी पुस्तकं तशीच कप्प्यांत, तरी चिक्कार जागा. माझा बास आत उभा राहिला, आडवा झाला, वळला. मला भरून आलं.

कुंपणापलीकडून शेजारी होबार्ट म्हणाला, “मी सांगू का? आधी चाकं काढून टाक.”

होबार्टच्या अंगणात तीन मोटारी विटांवर चढवून ठेवल्या आहेत. मोटारींबद्दल त्याचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा मानतात.

“चाकं काढली तर ती जाणार कशी?”

“तेच तर,” होबार्ट म्हणाला. “जात नाही ती गाडी कधी बंद पडत नाही. माझ्या तिन्ही बघ. अकरा वर्षांत तक्रार नाही.”

गाडी नावावर करायला मी काउंटी कचेरीत गेलो. तिथे खिडकीपाशी मिसेस ट्रेंट बसतात. या बाईंनी एकदा स्वतःच्या नवऱ्याचा मासेमारीचा परवाना, सही रेघेबाहेर गेली म्हणून परत पाठवला होता.

“नाव बदलून मिळेल,” कागद उलटेपालटे करत त्या म्हणाल्या. “वर्ग बदलून मिळणार नाही.”

“कसला वर्ग?”

“ही गाडी ‘ग्रंथालय’ या वर्गात आहे. ग्रंथालय विकता येतं, वेंडेल. बंद करता येत नाही. त्याला मंडळाचा ठराव लागतो. मंडळ बसतं ऑक्टोबरात.”

“मला जूनमध्ये एल्क मेडोला जायचंय हो!”

“जा की. ग्रंथालय म्हणून जा.” त्यांनी एक तात्पुरता परवाना भरला आणि मला वाचून दाखवला, कारण मी स्वतः वाचीन असा त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. गाडीत किमान शंभर पुस्तकं असली पाहिजेत. गाडी थांबलेली असताना येईल त्या वाचकाला सेवा नाकारता येणार नाही. आणि घुबड झाकायचं नाही.

“घुबडाचं काय मध्येच?”

“घुबड ही ओळखखूण आहे,” मिसेस ट्रेंट गंभीरपणे म्हणाल्या. “नाहीतर लोकांना कळणार कसं, तुम्ही कोण आहात ते?”

आम्ही कोण आहोत हे सव्वीस वर्षं ज्यांना कळलं नव्हतं, त्यांना घुबडामुळे कळणार होतं. मी सही केली. रेघेच्या आत.

मेळ्याच्या शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. अंतर एकशे चाळीस मैल, आमची वेळ दुपारी दोनची. आम्ही चौघे काळे सूट, टाय आणि पांढऱ्या टोप्या घालून. गाडी चालवायला व्हर्ल, शेजारी आर्लिस. मी सवयीप्रमाणे बूट काढून आरामात बसलो. डेल्फियाने पाय लांब केले, खिडकी उघडली आणि म्हणाली, “वा!” त्या एका ‘वा’वर मी चाळीस मैल तरंगत होतो.

मग डिझेल भरायला थांबलो.

पंपावर माझी पाठ वळते न वळते तोच तीन बायका आणि एक काठीवाले आजोबा गाडीत शिरले होते. “दोन वर्षं वाट बघतोय तुमची!” आजोबा माझ्यावर खेकसले. “मला वाटलं काउंटी आम्हाला विसरली!” मी त्यांना सांगितलं की आम्ही बँड आहोत. त्यांनी माझ्या टोपीकडे पाहिलं, घुबडाकडे पाहिलं, आणि त्यांनी घुबडावर विश्वास ठेवला.

यांपैकी एका बाईंनी पिशवीतून एक पुस्तक काढून डॉयलच्या हातात ठेवलं आणि खाली मान घातली. बारा वर्षं परत करायचं राहिलं होतं. पुस्तकाचं नाव ‘वेळेचं नियोजन’.

“होतं असं ताई,” डॉयल म्हणाला. “जा. निश्चिंत मनानं जा.”

आणि त्याने खणातून शिक्का काढून दाणकन मारला. माझ्या मेहुण्याच्या चेहऱ्यावर मी असं समाधान बँजो वाजवताना कधी पाहिलेलं नाही. ऐकणाऱ्यांच्या तर नाहीच. त्यानंतर तो आमचा राहिला नाही. प्रत्येक चौकात, प्रत्येक लाल दिव्यापाशी तो दार उघडून उभा. “तुम्हाला गुडघेदुखी का? मग हे न्या.” एका गावात एक पोलीस आमच्यामागे दिवा लावून आला, तेव्हा मी परवाना काढून हातात धरला, तर त्याला बायकोसाठी भोपळ्याच्या पाककृती हव्या होत्या. मला मात्र, काळा सूट घालून दारात उभ्या असलेल्या, सव्वीस वर्षांचा अनुभव असलेल्या संगीतकाराला, लोक एवढंच विचारत होते: “पोरांची पुस्तकं कुठल्या कप्प्यात?”

साडेअकराला आम्ही बकनॉबच्या चढाला लागलो. इथे मला एक गोष्ट नंतर कळली ती आधी सांगतो. इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल रेघेवर गेला होता. तो आर्लिसला वीस मैल दिसत होता. व्हर्लचं लक्ष वळणांवर होतं. काटा बघ, असं आर्लिसने व्हर्लला सांगायला हवं होतं, आणि नेमकं तेच शक्य नव्हतं. त्याने नियमाप्रमाणे मागे वळून डॉयलला म्हटलं, “त्याला सांग, काटा लाल झालाय.” डॉयल त्या वेळी कादंबऱ्या अक्षरक्रमाने लावत होता. तो म्हणाला, “‘ल’पर्यंत अजून आलो नाही.”

आधी बारीक शीळ ऐकू आली. मग खडखडाट. मग एक मोठा धडाका, आणि सगळं शांत.

इथे आमच्या धंद्यातला एक शब्द सांगायला हवा. सगळी वाद्यं मिळून जी बेफाम वेगाची गत वाजवतात, तिला आम्ही ‘ब्रेकडाउन’ म्हणतो. आमच्यात प्रत्येक टेकडीच्या, ओढ्याच्या आणि गावाच्या नावाने एकेक ब्रेकडाउन आहे. मेळ्याचा रंगमंच सांभाळणाऱ्या लमारला मी फोन लावला तेव्हा ही गोष्ट माझ्या डोक्यातून पार गेली होती.

“लमार, वेंडेल बोलतोय. अरे, ब्रेकडाउन!”

“वा! तुम्ही आधी कळवलंत असं पहिल्यांदाच होतंय. कुठला?”

“कुठला म्हणजे? बकनॉबचा. चढावरचा.”

“बकनॉब ब्रेकडाउन,” लमार लिहून घेत पुटपुटला. “ऐकला नाही कधी. नवीन?”

“नवीन म्हणजे काय, पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत.”

“आणि आजच आणताय? छाती आहे हो तुमची! कोणी केला?”

“व्हर्लनं. पण खरा हात आर्लिसचा.”

“दोघांनी मिळून? म्हणजे बोलणं सुरू झालं?”

“छे! बोलले नाहीत म्हणून तर झाला!”

“न बोलता,” लमार घोगऱ्या आवाजात म्हणाला. “भाऊ ते भाऊच. बरं, आहे कसा?”

“आधी बारीक शीळ. मग नुसती खडखड खडखड. मग एकदम धडाका आणि सगळं बंद.”

“अहाहा! शेवट असाच पाहिजे. आणि लांबतो किती?”

“मला काय ठाऊक! दोन तास, तीन तास…”

“ते दोनच्या वेळेत नाही हो बसायचं. थांबा. मी आता तुम्हाला शेवटचं…”

आणि फोन गेला. आमच्या डोंगरात फोन जातो तो माणसासारखा, मनातलं अर्धं सांगून.

“काय म्हणाला?” डेल्फियाने विचारलं.

“म्हणाला, तुम्हाला शेवटचं सांगतो.” मी फोन खिशात टाकला. “दोनची वेळ गेली.”

तिने खिडकीबाहेर पाहिलं. त्या दिशेला एल्क मेडो होतं, आणि तिथे चांदीच्या रंगाची एक बस उभी होती.

अर्ध्या तासाने ट्रॅक्टरवरून गेथर नावाचा एक दाढीवाला शेतकरी आला. त्याने वाकून पाहिलं, नाकातून हवा सोडली आणि निदान केलं, “पट्टा गेलाय. नळी फाटलीय. गवताच्या यंत्राचा पट्टा बसेल, आणतो.” आणला. मग हात पुसायला फडकं मागत गाडीत चढला, आणि फडक्याऐवजी त्याच्या हातात एक प्रेमकथा आली. सरदार, वाडा, वाड्यातल्या मुलींना शिकवणारी गरीब मास्तरीण. गेथर उभ्या उभ्या वाचायला लागला. मग बसला.

“गेथर, अहो, तो पट्टा…”

“थांबा हो जरा. सरदार आत्ताच आत आलाय.”

मी मिसेस ट्रेंटचा परवाना डोळ्यांपुढे आणला. सेवा नाकारता येणार नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी डेल्फिया उठली, तिने पुस्तक त्याच्या हातून अलगद काढून घेतलं आणि म्हणाली, “तुम्ही गाडीखाली चला, मी वाचते.”

मग ती पुढच्या बंपरवर बसून वाचत होती आणि गाडीखालून गेथरचे दोन बूट ऐकत होते. सरदाराचा आवाज जाड, मास्तरणीचा कापरा, सरदाराच्या आईचा थेट मिसेस ट्रेंटसारखा. कथा रंगात आली की खालचा पाना थांबायचा.

“मग? उघडलं का तिनं पत्र?”

“आधी नट,” डेल्फिया म्हणायची. पाना फिरायचा. ती पान उलटायची.

आजूबाजूच्या चार-पाच घरांतून माणसं आली. कोणी मक्याचा पाव आणि घेवड्याच्या आमटीचं पातेलं आणलं. डॉयल शिक्के मारत होता. आर्लिस आणि व्हर्ल एकाच दगडावर पाठीला पाठ लावून जेवत होते. मी मात्र तिच्याकडे बघत होतो. सहा वर्षांपूर्वी आमच्या जुन्या मँडोलिनवाल्याच्या जागी ती पहिल्यांदा आमच्यात उभी राहिली तेव्हा मायक्रोफोन तिच्या उंचीला आणायला आम्ही चौघे गुडघे वाकवून गायलो होतो. पुढे ते आमच्या अंगवळणीच पडलं. आता गुडघे सरळ करावे लागणार होते, आणि या वयात ते सोपं नसतं.

शेवटच्या प्रकरणाला गाडी सुरू झाली. गेथर गाडीखालून डोळे पुसत बाहेर आला. “तेल गेलं डोळ्यात,” तो म्हणाला.

एल्क मेडोला पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. आपली वेळ टळली, निदान माफी मागून यावी, अशा विचाराने मी उतरलो, तर लमार धावत आला आणि त्याने मला कडकडून मिठी मारली.

“आलात! सगळ्यांना रोखून धरलंय! तुम्हाला शेवटची जागा दिलीय, पाच वाजताची, सांगितलं नाही का मी फोनवर?”

त्याच्या मागे रंगमंचाशेजारी फळा होता. त्यावर खडूने लिहिलं होतं: ‘आज प्रथमच! कोंब्स बंधूंचा अबोल चमत्कार! बकनॉब ब्रेकडाउन!’ आणि समोर मैदानभर घडीच्या खुर्च्यांवर माणूसच माणूस.

“लमार,” मी म्हटलं, “तो ब्रेकडाउन म्हणजे…”

एवढ्यात मला पहिल्या रांगेत नॅशव्हिलच्या बँडचे प्रमुख दिसले. मांडीवर मांडी, डोक्यावर माझ्यासारखीच पांढरी टोपी, पण इस्त्री केलेली. ते डेल्फियाकडे बघून हसले.

“म्हणजे आमचाच,” मी म्हणालो.

आम्ही मायक्रोफोनभोवती गोळा झालो. मी चौघांना कुजबुजत सगळं सांगितलं. आर्लिसचा चेहरा पडला. डॉयल म्हणाला, “मी गाडीत थांबू का? वाचक येतील.”

डेल्फिया मात्र हसायला लागली. इतकी हसली की तिला मँडोलिनचा आधार घ्यावा लागला. “सगळ्यांना पाठ आहे की ती गत,” ती म्हणाली. “सकाळी ऐकली ना? चला.”

आणि तिने वरच्या तारेवर बारीक शीळ सुरू केली, अगदी पट्टा सुटतानाची. डॉयलला खडखड समजावून सांगायची गरज नव्हती, ती त्याची मूळ शैली आहे. गत धावायला लागली. आमच्यात कोणी कधी पुढे यायचं हे तालमीत ठरलेलं असतं. इथे तालीम नव्हती. डॉयलची फेरी संपत आली, पुढे फिडल यायला हवं होतं, व्हर्ल डोळे मिटून उभा, आणि आर्लिस मला बघतोय, मी बासला बघतोय, वेळ संपत चाललेली…

“व्हर्ल, घे!” आर्लिस ओरडला.

व्हर्लने डोळे उघडले. “घेतोय ना! कानात कशाला बोंबलतोस!” आणि त्याने फिडल असं काही घेतलं की मागच्या रांगा खुर्च्यांवर चढल्या.

गतीचा शेवट कसा करायचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तो मी केला. माझ्या बासची खालची लोखंडी टोकदार पायटी फळीवरून सटकली, बास गेला, त्याच्यामागून मी गेलो, आणि एक मोठा धडाका होऊन सगळं शांत झालं. माझ्या कंबरेतून जो आवाज आला तोही पुष्कळांना गतीचाच भाग वाटला. मैदान उभं राहिलं. “सांगितला होता तस्साच शेवट!” लमार रडत सांगत होता.

मला उचलून गाडीच्या पायरीवर बसवण्यात आलं. गाडीच्या मागे आर्लिस आणि व्हर्ल एकोणीस वर्षांची थकबाकी मोठ्या आवाजात चुकती करत होते, विषय कुत्रा. गाडीत डॉयलपुढे रांग लागली होती. आणि समोर झाडाखाली डेल्फिया त्या इस्त्रीच्या टोपीशी बोलत होती. त्यांनी हात मिळवला. ते गेले. ती माझ्याकडे आली.

मी कंबर धरून उभा राहिलो. हे भाषण मी बकनॉबपासून मनात तयार केलं होतं.

“डेल्फिया, पोरी, तू जा. मोठी हो. आमची काळजी…”

“मी नाही म्हणून सांगितलं त्यांना.”

मी परत बसलो. “पण त्यांचे बारा बिछाने! पडदे!”

“बिछाने मी कधी मागितले, मिस्टर वेंडेल?”

“मग प्रवासाचं काय? प्रवास सोसवत नव्हता ना तुला?” मी बोटं मोजायला लागलो. “तुला काय हवं ते सांग. पंखा बसवतो. खुर्ची गादीची करतो. मिसेस ट्रेंटशी भांडून घुबड पुसतो. तू नुसतं सांग, सगळं करतो.”

डेल्फियाने चुळबुळ केली. इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि माझ्या कानाशी वाकून अगदी अदबीने म्हणाली,

“गाडीत बसल्यावर तेवढे बूट काढत जाऊ नका.”